पश्चिम श्रेष्ठ की दक्षिण?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना किंचित आश्चर्य वाटेल. इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते, आणि मी तर क्रिकेटच्या विभागांविषयी बोलणार आहे. परंतु अहमदपूर येथे मास्तरकी करण्यात माझे आयुष्य गेले, आणि आमच्या भागातील माणसांच्या मनातील सरहद्द कशी व किती सावकाश हलली, हे मला नकाशांपेक्षा या एका वादावरून अधिक उमगले आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. रणजितसिंहजी 1933 साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी करंडक दिला, आणि 1934 च्या नोव्हेंबरात मद्रास येथे मद्रास व म्हैसूर यांच्या सामन्याने रणजी करंडकाच्या सामन्यांस आरंभ झाला. तो सामना एका दिवसातच आटोपला! देश विस्तीर्ण आणि प्रवास खर्चाचा, म्हणून संघांचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे विभाग पाडले गेले. मध्य विभागाची भर पुढे पडली. प्रत्येक विभागातील संघांनी आधी आपसात लढावे आणि जो एक उरेल त्याने इतर विभागांच्या विजेत्यांशी गाठ घ्यावी, अशी ही योजना होती. ती केवळ सोयीसाठी होती; परंतु माणसाचा स्वभाव असा की, सोयीसाठी आखलेल्या रेषेलाही तो लवकरच अभिमान चिकटवितो.

आता आमचे अहमदपूर या नकाशात कोठे होते ते पाहावे. निजामाच्या राज्यात आमचा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तीन तालुके बीदरपासून तोडून मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात घालण्यात आले. 1982 साली लातूर जिल्हा निराळा झाल्यावर आम्ही लातूरकर झालो. क्रिकेटच्या हिशेबाने याचा अर्थ असा की, 1956 पर्यंत आमचा संघ हैद्राबाद आणि विभाग दक्षिण. त्यानंतर संघ महाराष्ट्र आणि विभाग पश्चिम. कागदावर हा बदल एका रात्रीत झाला. आमच्या घरात तो व्हावयास पंधरा-वीस वर्षे लागली.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचे शिक्षण हैद्राबादेस, उर्दूतून झालेले. 1937-38 सालचा अंतिम सामना ते जणू काल पाहिल्यासारखा सांगत, यद्यपि त्यांनीही तो वडिलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेला होता. समोर नवानगरचा संघ, आदल्या वर्षीचा विजेता. नवानगरच्या 152 व 270 धावा, हैद्राबादचा पहिला डाव अवघ्या 113 चा. जिंकावयास 310 हव्या. नऊ गडी बाद झाले, तरी एडलजी ऐबारा एका टोकास खिळून राहिले आणि नाबाद 137 धावा काढून त्यांनी एका गड्याने सामना जिंकून दिला. ‘यास दक्षिण म्हणतात,’ असे वडील या कथेच्या शेवटी न चुकता म्हणत.

माझे मामा मुंबईस गोदीत नोकरीला होते. उन्हाळ्यात ते आले की ओट्यावर वाद जुंपे. ‘दाजी, तुमचा करंडक एक आणि आमचे मोजावयास दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते खोटेही नव्हते. मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. जगातील कोणत्याही मोठ्या खेळात असा अखंड विजय विरळाच.

मामांच्या बाजूचा खरा सबळ पुरावा मात्र याहून जुना आहे. 1940-41 साली पुण्यास महाराष्ट्र व मुंबई यांची विभागातच गाठ पडली. महाराष्ट्राने 675 धावा केल्या. त्यांत कर्णधार प्रा. दि. ब. देवधर यांच्या 246, आणि तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे! मुंबईने 650 पर्यंत मजल मारली. साडेसहाशे धावा करूनही मुंबई पंचवीस धावांनी मागे राहिली आणि पहिल्या डावाच्या आघाडीच्या नियमाने घरी गेली. पुढे महाराष्ट्राने अंतिम सामन्यात मद्रासचा पराभव करून करंडक राखला. 1948-49 च्या अंतिम सामन्यात तर मुंबई व बडोदे हे दोन्ही संघ पश्चिमेकडचेच होते. त्याच वर्षी पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांच्या सामन्यात दोहोंच्या मिळून 2376 धावा झाल्या. अंतिम सामन्याच्या तोलाची लढत पश्चिमेत वेशीच्या आतच होऊन जाई आणि हरणाऱ्याचे नाव पुढील यादीत दिसतही नसे, हा मामांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

वडिलांचे उत्तरही दुबळे नव्हते. ते म्हणत, ‘पश्चिम, पश्चिम म्हणता, पण तुम्ही सांगता ते सारे मुंबईचे. सौराष्ट्र आणि गुजरात यांचे काय?’ यावर मामा केरळ व आंध्र यांची नावे घेत, आणि मग कोणाच्या पदरी अधिक दुर्बळ संघ, हा निराळाच हिशेब सुरू होई. (त्या दुर्बळांपैकी गुजरातने 2016-17 मध्ये आणि सौराष्ट्राने 2019-20 मध्ये करंडक जिंकला, हे पाहावयास दोघेही उरले नाहीत.)

या वादाचा निकाल लावण्याची सोय 1961-62 साली झाली. त्या वर्षी दुलीप करंडक सुरू झाला आणि विभागच एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पहिले तिन्ही अंतिम सामने पश्चिम व दक्षिण यांच्यातच झाले. दोन पश्चिमेने जिंकले, तिसरा करंडक दोघांत वाटला गेला. 1970-71 पर्यंतच्या दहा वर्षांचा जमाखर्च मी अनेकदा मांडला आहे: पश्चिमेचे निर्भेळ विजय पाच, दक्षिणेचे चार, आणि एक सामाईक. ही तीच वर्षे की ज्यांत मुंबईने रणजी करंडक कोणास हातही लावू दिला नाही! एकच संघ अजिंक्य होता, पण त्याचा विभाग दुसऱ्या विभागाहून जेमतेम एका पावलाने पुढे होता. आमच्या ओट्यावर रणजीचा आकडा फेकून दुलीपचा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षे चालला होता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

हा घोटाळा आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयांचे फुटबॉल संघ निरनिराळ्या मंडळांत विभागलेले असतात, आणि कोणते मंडळ बलवत्तर यावर तेथील सुशिक्षित लोक हमरीतुमरीवर येतात. 2012 च्या जानेवारीत तेथील अंतिम सामना अलाबामा व लुइझियाना या एकाच मंडळातील दोन विद्यापीठांत झाला, तेव्हा ही गोष्ट मंडळाच्या थोरवीची की निवडीच्या रीतीची, यावर तेथे मोठे वादंग माजले.

आमच्याकडे तो प्रसंग 1971 सालीच येऊन गेला होता. त्या मोसमापासून प्रत्येक विभागातून एकाऐवजी दोन संघ पुढे पाठविण्याचे ठरले, आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात मुंबईसमोर महाराष्ट्र उभा राहिला! मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मामांच्या आनंदास पारावार नव्हता. वडील म्हणाले, ‘आमचे पाच गडी वेस्ट इंडीजला गेले आहेत.’ खरेच, जयसिंहा, आबिद अली, कृष्णमूर्ती, जयंतीलाल व गोविंदराज असे हैद्राबादचे पाच जण भारतीय संघात होते. मामांनी बोटे मोडीत वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर व मंकड अशी मुंबईची पाच नावे सांगितली. ‘आमचेही पाचच गेले, दाजी. तरी आम्ही अंतिम सामन्यात आहोत.’ सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तो सामना 48 धावांनी जिंकला.

त्याच संध्याकाळी मामांच्या तोंडून एक शब्द निसटला. ते हसत म्हणाले, ‘दाजी अजून निजामाचेच.’ वडील काही न बोलता उठून आत गेले. त्यांच्या थोरल्या भावाने हैद्राबादच्या मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगला होता, आणि आमचा तालुका मराठी मुलखात आला त्या दिवशी वडिलांनी दारावर तोरण बांधले होते. संस्थान जावे असे त्यांस मनापासून वाटत होते. पण संघ त्यांनी सोडला नव्हता, कारण तो त्यांनी निजामाकडून घेतलेलाच नव्हता. तो त्यांच्या शाळेचा, सोबत्यांचा, तरुणपणाचा होता. मामांस आपली चूक कळली. दोन दिवस ओट्यावर क्रिकेटचे नाव निघाले नाही.

आणि पाहा, मराठी माणूस कोणत्या एका विभागात होता? मुंबई व महाराष्ट्र पश्चिमेत, विदर्भ मध्य विभागात, आणि आम्ही एके काळी दक्षिणेत. भाषेने एक झालेले लोक खेळाच्या नकाशात तीन ठिकाणी वाटलेले होते, याची त्या वादात कोणास आठवणही नसे.

1973 च्या अंतिम सामन्यात मद्रासेस पद्माकर शिवलकरांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 गडी टिपले. तामिळनाडूचे डाव 80 व 61 वर कोसळले. दोन दिवस आणि एक चेंडू एवढ्यात सारे संपले. पुढील वर्षी बंगळूरास कर्नाटकाने उपांत्य सामन्यात पहिल्या डावाची आघाडी मिळवून मुंबईची पंधरा वर्षांची मालिका तोडली आणि करंडक दक्षिणेस नेला. त्याच मोसमात विभागांसाठी मर्यादित षटकांचा देवधर करंडक सुरू झाला. तो पुण्याच्या प्राध्यापकांच्या नावाचा, पण पहिल्या वर्षी जिंकला दक्षिणेने! वडिलांनी त्या दिवशी मामांस पोस्टकार्ड धाडले. त्यावर मायन्याखाली केवळ एक शब्द होता: ‘कळावे.’

पुढे रणजी करंडकातून विभाग गेले. दुलीप करंडकात ते कधी असतात, कधी नसतात. 2022 साली अंतिम सामन्यात पश्चिमेने दक्षिणेस हरविले, 2023 साली दक्षिणेने पश्चिमेस. हैद्राबादला दुसऱ्यांदा रणजी करंडक मिळाला तो 1986-87 साली, दिल्लीवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन, एकोणपन्नास वर्षांनी. तोवर वडील थकले होते. बातमी मीच त्यांस वाचून दाखविली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचावयास सांगितली, आणि मग विचारले, ‘महाराष्ट्राचे काय झाले यंदा?’