दूरच्या कानाची साक्ष



हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्याला एक प्रश्न जन्मभर सोडत नाही : आपले एरियल खरोखर किती काम करते? या प्रश्नाची कथा मी १९२१ सालापासून सांगतो.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हौशी मंडळींनी अटलांटिकपार संकेत पाठवून पाहिले. ब्रिटनमध्ये ते कोणाच्याच कानी पडले नाहीत. दोष प्रक्षेपकाचा, एरियलचा की ऐकणाऱ्याच्या यंत्राचा, हे ठरवणार कसे? तारेत प्रवाह किती जातो एवढेच अ‍ॅमीटर दाखवी. त्यातली किती शक्ती आकाशात गेली आणि किती जमिनीत मुरली, याविषयी तो मुका होता. म्हणून वर्षअखेरीस पॉल गॉडली या तज्ज्ञाला अमेरिकेहून स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे धाडण्यात आले. समुद्रकाठच्या तंबूत बसून, बुटक्या खांबांवर ताणलेल्या लांबलचक बेव्हरेज एरियलवर त्याने कनेक्टिकटमधील १ बीसीजी आणि इतर अनेक केंद्रे टिपली. ऐकणारा एक, यंत्र एक; म्हणूनच त्या नोंदींना तुलनेचे मोल आले.

पुढे एरियलकडून परतणारी शक्ती मोजणारे मीटर आले. माझ्याही टेबलावर तसा एक होता. एका पावसाळ्यात त्याचा काटा निर्दोष वाचन देत होता, पण माझ्या हाकेला कोणीच ओ देईना. कितीतरी दिवसांनी उमगले, केबलमध्ये पाणी शिरले होते. जाणारी बरीचशी शक्ती ती वाटेतच गिळी आणि परतणारीही गिळी. मीटरपर्यंत काही परतच नसे, म्हणून तो ‘सर्व ठीक’ म्हणे.

२००८ साली जोसेफ टेलर यांनी ‘व्हिस्पर’ ही पद्धत दिली. हे स्वतः हौशी रेडिओवाले, आणि १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. सुमारे दोन मिनिटांचा क्षीण संकेत जगभरची केंद्रे ऐकतात आणि तो गोंगाटाच्या तुलनेत किती डेसिबल होता, हे नोंदवतात. आयनावरण क्षणोक्षणी बदलते. तेव्हा एकट्या नोंदीवर विसंबू नये. दोन एरियले आलटूनपालटून वापरावीत, अनेक नोंदी जमवाव्यात आणि मगच निष्कर्ष काढावा.

मोजण्यापूर्वी आपण नेमके काय मोजतो आहोत हे विचारावे, असे याच शाळेतील प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते. त्याचा अर्थ मला त्या भिजलेल्या केबलने समजावला.