२६ मार्च १९९३ : हंटिंग्टनच्या जनुकाचा छडा

मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचे जनुक सापडल्याचा शोधनिबंध ‘सेल’ या विज्ञान-नियतकालिकाच्या २६ मार्च १९९३च्या अंकात प्रसिद्ध झाला. चौथ्या गुणसूत्रावरील या जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे ओळीने ४० किंवा अधिक वेळा आली, की आजार जडतो. बहुधा तिशी-चाळिशीत हातपाय आपसूक हलू लागतात, तोल जातो, स्मृती आणि स्वभाव पालटतो. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी.

या शोधामागे होती व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठची कुटुंबे. ही वस्ती मासळीवर जगणारी. डॉ. अमेरिको नेग्रेते यांनी तिथला आजार १९५०च्या दशकात ओळखला. याच आजाराने आईला गमावलेल्या नॅन्सी वेक्सलर १९७९नंतर दोन दशके तिथे जात राहिल्या. त्यांच्या पथकाने १८ हजारांहून अधिक जणांची वंशावळ मांडली, रक्ताचे हजारो नमुने जमवले. त्यावरून १९८३मध्ये गुणसूत्र कळले. नेमके जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागली.

कुटुंबांच्या नोंदींवरून आनुवंशिक आजार ओळखण्याचे असे काम महाराष्ट्रातही झाले, मात्र वेगळ्या आजारावर. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी ९ कुटुंबांतील आनुवंशिक अटॅक्सियाची नोंद १९७१मध्ये ‘ब्रेन’ नियतकालिकात केली. चालताना तोल जाणे आणि डोळ्यांची हालचाल मंदावणे ही त्याची खूण. हंटिंग्टनवर आजही खात्रीचा इलाज नाही. औषधे फक्त लक्षणे आटोक्यात ठेवतात.