'नागपूर' म्हणजे किती अक्षरं?

शनिवारी नागपुरात घरबसल्या जुना कोड उघडला. पायथन २ला साध्या स्ट्रिंगमधल्या 'नागपूर'ची लांबी विचारली, तर म्हणे १८! पायथन ३चं उत्तर ६. पहिलं बाइट मोजतं, दुसरं युनिकोडची चिन्हं. पहिल्या नोकरीत याच घोळापायी माझ्या प्रोग्रामने मराठी नावं मध्येच कापली होती.

पायथन ३ आलं डिसेंबर २००८मध्ये. पण मंडळी, डेबियन लिनक्समध्ये एक पॅकेज दुसऱ्याच्या खांद्यावर उभं असतं. म्हणून आधी खालच्या लायब्ररी, मग वरचे प्रोग्राम. तोवर दोन्ही पायथन एकाच घरात नांदवायचे. पायथन २चा सपोर्ट १ जानेवारी २०२०ला संपला, डेबियनमधून ते गेलं जून २०२३च्या आवृत्तीत.

साडेचौदा वर्षं! आता कुणी 'दोन दिवसांत अपग्रेड कर' म्हटलं, की मी आधी पॅकेजेसची यादी मागतो.