बुकमार्क आणि राजवाड्यांची दप्तरे

१/५
संकेतस्थळावर महत्त्वाचा कागद सापडतो, दुवा जतन केला जातो आणि वर्षभराने तो हाती लागत नाही. अशा वेळी कोणते साधन निवडावे? उत्तर धुळ्यात आहे.

२/५
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत ती छापली. पत्रांना लेखांक दिले. त्यामुळे खंड व लेखांक सांगताच आजही पत्र सापडते.

३/५
३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. जानेवारी १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. संग्राहक गेला, संग्रह टिकला.

४/५
आंतरजालावर उलटे घडते. दुव्यांना टॅग लावण्याची रीत रूढ करणारे डिलिशस २००३ मध्ये निघाले आणि २०१७ मध्ये थंडावले. पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. तेथे संग्राहक राहिले, संग्रहाची जागाच गेली.

५/५
म्हणून साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत: सारे दुवे एका फायलीत उतरवता येतात का? पानाची प्रत स्वतःकडे राहते का? नोंदीला स्वतःची खूण देता येते का? झोटेरो ही मोफत प्रणाली तिन्ही कसोट्यांना उतरते. राजवाड्यांचे लेखांक हेच काम करत होते.