वाळीत टाकण्याची रीत आणि तिचा कायदा

महाराष्ट्रातील जुन्या समाजव्यवस्थेत लाज दोन वाटांनी माणसापर्यंत येत असे. एक मनातूनच उमटणारी, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढू न देणारी. आणि दुसरी जातीने किंवा गावाने ठराव करून माथी मारलेली. पहिलीच्या नोंदी फारशा राहिल्या नाहीत. दुसरीची मात्र रीतसर पद्धत होती, ती म्हणजे बहिष्कार, अर्थात वाळीत टाकणे. एखाद्याच्या आचरणाला दोष देऊन जातीत जो वाद उभा राही त्याला ग्रामण्य म्हणत, आणि दोष ठरला की त्या घराशी रोटीबेटीव्यवहार तुटे, भटजी कार्याला येत नसे, न्हावी-परीट उंबऱ्याशी फिरकत नसत, घरात मयत झाले तरी खांदा द्यायला भाऊबंद जमत नसत. परतीची वाटही ठरलेली होती: दंड, प्रायश्चित्त, पंचगव्य (गाईचे दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण यांचे मिश्रण) घेणे आणि शेवटी जातीला जेवण. त्या पंगतीत त्याच्या पानाशेजारी इतरांनी पाने मांडून घेतली, म्हणजे तो पुन्हा जातीत आला.

छापखाना आल्यावर या शिक्षेला गावाची वेस उरली नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापानाला गेलेल्यांची नावे 'पुणेवैभव' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न टाळता आला नाही. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतले, तेव्हा सुधारणेचे अनुयायी व्यथित झाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या गावच्या मुरूडकरांचा बहिष्कार त्यांच्यापुरता थांबला नाही. त्याची झळ आप्तांनाही लागली. या शिक्षेचे खरे बळ इथेच होते, कारण स्वतःची अप्रतिष्ठा सोसायला तयार असलेला माणूसही आईची अप्रतिष्ठा पाहून डगमगतो.

मात्र वाळीत टाकलेल्याला निदान परतीची वाट होती. अस्पृश्य ठरवलेल्यांच्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा कोणत्याही कृत्यातून उपजलेली नव्हती, म्हणून तिला प्रायश्चित्तही नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी घेतल्यावर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले. शुद्धीचा जो विधी जातीतल्या माणसाला परत आत घेई, तोच इथे माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. पुढच्याच महिन्यात आंबेडकरांनी सुरू केलेल्या पत्राचे नाव होते 'बहिष्कृत भारत'. बहिष्काराची लाज बहिष्कृताने बाळगण्याचे कारण नाही, हे त्या नावानेच सांगितले, आणि लाजेच्या या साऱ्या इतिहासात इतके मूलगामी वळण दुसरे नाही.

कायद्याला तिथवर पोहोचायला वेळ लागला. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला, आणि जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अनेक वर्षे झालेल्या चळवळीनंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पूर्वी दंड भरावा लागे तो वाळीत पडलेल्याला. या कायद्याने तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत ते वाळीत टाकणाऱ्यांसाठी.