ट्रायल मोटरसायकल : मागील ट्यूबलेस टायरची गळती

खडक, ओढ्याचे पात्र, झाडांची मुळे आणि निसरड्या चढणी यांवरून पाय न टेकवता गाडी नेण्याच्या क्रीडाप्रकारास ट्रायल म्हणतात. अशा मोटरसायकलच्या मागील चाकातून हवा उतरण्याची कारणे, गळतीची जागा शोधण्याची रीत व दुरुस्ती यांचा विचार या नोंदीत केला आहे. ट्रायलमध्ये वेगाला महत्त्व नाही. आखून दिलेल्या टप्प्यात एकदा पाय टेकल्यास 1 दंडगुण, दोनदा टेकल्यास 2, त्याहून अधिक वेळा टेकल्यास 3 आणि गाडी पडल्यास किंवा हद्दीबाहेर गेल्यास 5 दंडगुण होतात. ओल्या दगडावर मागचे चाक किती पकड धरते यावर सारा हिशेब ठरतो आणि ती पकड बहुतांशी टायरमधील हवेवर अवलंबून असते.

इतिहास : जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1975 पासून भरते. 2007 पासून पुढे दीर्घकाळ ते सलग स्पेनच्या टोनी बोऊकडे राहिले.

रचना : मागील टायर 4.00–18 मापाचा, रेडियल आणि ट्यूबलेस असतो व 2.15 इंच रुंदीच्या रिमवर बसतो. त्याच्या बाजू पातळ व लवचीक असतात, नक्षीचे ठोकळे लहान व जवळजवळ असतात. ठोकळ्यांची खोली स्पर्धेच्या नियमांनुसार 13 मिमी.पेक्षा जास्त चालत नाही. रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या मागील चाकात साधारण 30 पौंड (दर चौरस इंचास) हवा भरतात, येथे ती 4 ते 5 पौंड असते. एवढ्या कमी हवेत टायर दगडाला लपेटून घेतो. ट्यूब घातली तर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटून फाटते. शिवाय टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. या दोन कारणांनी मागचे चाक ट्यूबलेस झाले.

हवा मुळातच कमी असल्याने थोडी गळतीही नडते. 4.5 पौंडांतून 1 पौंड गेला तर गाडीचा मागचा भाग डुलू लागतो. आणखी उतरली तर आडव्या उतारावर टायरची तारेची कड रिमवरून सुटते आणि उरलेली हवा एका दमात निघून जाते.

गळतीचा आभास : थंड सकाळी हवा कमी दिसली म्हणजे टायर गळतोच असे नाही. तापमान 10 अंश सेल्सियसने उतरले तर 4.5 पौंडांच्या टायरमध्ये सुमारे 0.65 पौंडाची घट दिसते. उंचीने याच्या उलट घडते. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर मोजून भरलेला टायर पिरेनीजमध्ये 2,000 मीटरवर नेला तर बाहेरचा दाब घटल्यामुळे मापकावर सुमारे 3 पौंड जास्त दिसतात. तेथे काही हवा सोडून परत किनाऱ्यावर आले की टायर बसलेला आढळतो आणि पंक्चरचा संशय येतो. पेट्रोल पंपावरचा मापक या कामी निरुपयोगी, कारण त्याची चूकच दोन-तीन पौंडांची असू शकते. 0 ते 15 पौंडांची तबकडी असलेला वेगळा मापक लागतो.

गळती शोधणे : चाक काढण्याआधी व्हॉल्व्ह पाहावा. टोपी काढून तोंडावर थुंकीचा थेंब लावण्याची पंक्चरवाल्यांची रीत येथेही चालते. बुडबुडा फुगला तर आतील पिन घट्ट करावी किंवा बदलावी. व्हॉल्व्हच्या बुडाशी असलेले रबर बोटाने एका बाजूस वाकवून भेगा तपासाव्यात. भेग सरळ उभ्या व्हॉल्व्हमध्ये मिटलेली असते.

यानंतर चाक काढून साबणाचे पाणी फवारतात किंवा टपात बुडवतात. 4 पौंडांवर बुडबुडे फार सावकाश येतात, म्हणून हवा 20 पौंडांपर्यंत वाढवून पाहण्याचा प्रघात आहे. नक्षीतील काटा किंवा खिळा त्यामुळे लगेच सापडतो. कडेची गळती मात्र या पद्धतीने अनेकदा निसटते, कारण वाढलेला दाब कडेला रिमवर आवळून धरतो आणि फट बुजते. त्यामुळे चाक दोन्ही दाबांवर तपासावे. 20 पौंडांवर कोरडे आणि 4 पौंडांवर बुडबुडणारे चाक असेल तर दोष जवळजवळ नेहमी कडेत असतो. पाण्यात बुडवल्यावर निपलांच्या खोबणीत अडकलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. ती काही क्षणांत संपते, खरी गळती संपत नाही.

रिम व रबरी पट्टा : ट्रायलच्या मागील रिमा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रिमच्या आतील अंगाला मधोमध उभी धार असते व स्पोक तिच्यात अडकवलेले असतात. हवेच्या पोकळीला एकही भोक नसते. दुसऱ्या प्रकारात निपलांची भोके रिमच्या मधल्या पन्हळीत उघडतात आणि त्यांवर जाड रबरी पट्टा ताणून बसवलेला असतो. काही पट्ट्यांत व्हॉल्व्हही त्याच रबरात ओतलेला असतो. या नोंदीचा बराच भाग दुसऱ्या प्रकाराला दिला आहे. गळतीच्या ज्या तक्रारींत टायर निर्दोष निघतो, त्यांचा उगम बहुधा येथेच असतो.

पट्ट्याखालून सुटलेली हवा पन्हळीतून फिरून वाट मिळेल त्या निपलातून बाहेर पडते. त्यामुळे स्लॅबच्या गळतीत पाणी एकीकडे मुरते आणि दुसरीकडे ठिबकते, तसा प्रकार होतो. बुडबुडे देणारे निपल बुजवले तर शेजारचे सुरू होते. एकाहून अधिक निपलांतून बुडबुडे आले की निपलांच्या मागे न लागता टायर उतरवून पट्टा पाहावा.

पट्टा निकामी होण्याची कारणे चार : रबर कडक होऊन भेगाळणे, टायर लिव्हरच्या टोकाने फाटणे, पट्ट्याखाली चिखलाची बारीक पूड शिरणे आणि स्पोकचे टोक निपलाबाहेर येऊन रबराला टोचणे. शेवटचे कारण हमखास दुर्लक्षिले जाते. चाकाचा बाक काढताना स्पोक आवळले जातात, त्यांची टोके अर्धा-एक मिमी. पुढे येतात आणि गळती काही दिवसांनी सुरू होते. बाक काढणारा आणि पंक्चर काढणारा वेगवेगळे असल्यास दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. नवा पट्टा घालण्यापूर्वी प्रत्येक निपलावरून बोट फिरवावे. टोक लागले तर कानशीने घासून सपाट करावे. पन्हळ स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. पट्टा व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून दोन्ही बाजूंनी सारखा ताणत न्यावा. पीळ राहता कामा नये.

पट्ट्याऐवजी निपलांवर सिलिकोन थापण्याची रीतही रूढ आहे. याविषयी मतभेद आहेत. नव्या, तेलकटपणा नसलेल्या रिमवर ते टिकते असे वापरणारे सांगतात. मात्र पुढे एखादा स्पोक बदलावा लागला की सारे खरवडून काढावे लागते.

कड : ॲल्युमिनियमच्या रिमवर कड जेथे टेकते तेथे पांढरी भुकटी जमते. पाणी, चिखल आणि जोरदार फवाऱ्याने केलेली धुलाई ही तिची कारणे. भुकटी बारीक घासणीने काढून जागा गुळगुळीत करावी. खरखरीत पॉलिश पेपरने पडलेले ओरखडे पुढे हवेच्या वाटा होतात. दगडावर आपटून रिमचा काठ वाकला असल्यास लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने सरळ करतात. तडा दिसल्यास रिम बदलावी.

ठिगळ : टायरला भोक असल्यास आतून ठिगळ लावणे हीच खात्रीची दुरुस्ती. आतील अस्तर घासून खरखरीत करावे, सोल्युशन लावून ते चिकटसर होईपर्यंत थांबावे व ठिगळ मध्यापासून कडेकडे रोलरने दाबावे. बाहेरून खुपसण्याची रबरी दोरी जाड अंगाच्या रस्त्यावरील टायरसाठी असते. ट्रायल टायरचे पातळ अंग प्रत्येक दगडावर दुमडते आणि दोरी सैल होते. मैदानातून घरी परतण्यापुरता तिचा उपयोग. बाजूवरील ठिगळ रस्त्याच्या टायरमध्ये निषिद्ध मानतात. कमी वेगाच्या ट्रायलमध्ये काही जण ते चालवून घेतात.

उतरवणे व बसवणे : रिमवर कडेला अडवणारा उंचवटा असल्यामुळे ट्रायल टायरची कड सहजी सुटत नाही. शिकंज्यात किंवा मोठ्या सी-क्लॅम्पमध्ये दाबून ती सोडवतात. चाक लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवावे, म्हणजे ब्रेकची डिस्क वाकत नाही. लिव्हर चालवताना समोरची कड मधल्या पन्हळीत ढकललेली असली पाहिजे. ती वर राहिली तर कितीही जोर लावला तरी टायर निघत नाही आणि लिव्हर पट्टा फाडते. पट्ट्यातच व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याजवळ लिव्हर घालू नये.

बसवताना बाण फिरण्याच्या दिशेस आहे हे पाहून कडांना साबणाचे पाणी लावतात. हातपंपाची हवा दोन्ही कडांच्या फटींतून निघून जाते, म्हणून टायरच्या घेराभोवती मालवाहू पट्टा आवळतात. त्यामुळे नक्षीचा मध्य दाबला जाऊन कडा बाहेर फाकतात. व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडली की कडा एकामागोमाग ‘फट्’ आवाजाने बसतात. कडा धरू लागल्या की आवळलेला पट्टा लगेच सैल करावा. टायरवर छापलेली कमाल दाबाची मर्यादा ओलांडू नये. कड बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावावा. ज्वालाग्राही वायू पेटवून कड बसवण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली म्हणजे टायर नीट बसला. मग पिन घालून हवा 4.5 पौंडांवर आणावी व चाक रात्रभर ठेवून पुन्हा मोजावे.

द्रव सीलंट : व्हॉल्व्हमधून ओतायचा गाळसर द्रव बारीक काट्यांवर चालतो. कडेच्या व पट्ट्याच्या गळतीवर त्याचा परिणाम अनिश्चित असतो. पुढे ठिगळ लावताना तो अस्तरावरून पूर्ण धुऊन काढावा लागतो, नाही तर सोल्युशन धरत नाही.

पुढील चाक : 2.75–21 मापाचा, ट्यूब असलेला टायर. पंक्चर नेहमीच्या पद्धतीने काढतात.