किल्ली माणसाची की पदाची? भूमिकेनुसार अधिकार देण्याचा छोटा इतिहास

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या भगिनींनी विचारलं होतं, “सर, आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की आयटीवाले विचारतात, याला कोणाचं टेम्प्लेट लावू? माणसाला टेम्प्लेट लावतात म्हणजे काय करतात?” त्यांच्या कंपनीत दुसऱ्या कंपन्यांची, म्हणजे ग्राहकांची, खाती आणि प्रणाली सांभाळल्या जातात. कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय बदलता यावं, हे तिथे साच्यावरून ठरतं. आमचा विषय तत्त्वज्ञान, संगणक आम्ही साठीनंतर शिकलो. पण हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी अंगणातला निघाला. अधिकार माणसाचा असतो की पदाचा, हाच तो प्रश्न.

सुरुवात १९६१ पासून करू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली तयार केली. एक मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, अशी ती सोय. यंत्र सामायिक झालं म्हणजे माझं-तुझं आलंच. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. एका माणसाला एक किल्ली, इतकी साधी कल्पना होती.

पुढे एक गंमत झाली. एके दिवशी संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला नेहमीच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची अख्खी यादीच छापून मिळू लागली! कारण काय, तर मजकूर लिहिण्याचं साधन तात्पुरत्या फाइलला ठरावीक नाव देत असे. एका जागेत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. पुढे व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी तो नियम सैल केला गेला. दोघं एकाच जागेत बसले, एक सूचना लिहीत होता आणि दुसरा पासवर्डांची यादी, आणि दोन्ही फायलींची अदलाबदल झाली. कॉर्बातोंनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा किस्सा स्वतः सांगितला आहे. यात चोर कोणीच नव्हता, बरं का. दोन माणसं एकच असल्यासारखी वावरली, एवढंच. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच यायचं आहे.

पुढचा टप्पा यादीचा. मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलला यादी जोडता येई, की अमक्याने वाचावं, तमक्याने लिहावं. १९७५ मध्ये साल्त्झर आणि श्रोडर या दोघांनी एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व आजही शिकवलं जातं. ज्याला जे काम, त्याला त्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून कणभरही जास्त नको.

याच काळात लष्कराचं वेगळं चाललं होतं. १९७३ च्या सुमारास बेल आणि लापाड्युला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी नमुना मांडला. कागदावर ‘गोपनीय’, ‘अतिगोपनीय’ असे शिक्के आणि माणसांनाही तशाच पायऱ्या. लष्कराची चिंता एकच, गुपित बाहेर फुटू नये. पण दुकानदाराची किंवा बँकेची चिंता तीच असते का? १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क हे संगणकशास्त्रज्ञ आणि हिशेबतपासनीसांच्या एका कंपनीतले डेव्हिड विल्सन यांनी एकत्र बसून सांगितलं, की व्यापारात गुपितापेक्षा हिशेब खरा राहणं जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून बिल तयार करणारा आणि ते मंजूर करणारा एकच नसावा. आपल्या बँकेत कॅशियर आणि अधिकारी अशा दोन सह्या लागतात, तेच हे.

मग १९९२ साल आलं. अमेरिकेच्या मानक संस्थेतले, म्हणजे ‘निस्ट’मधले, डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी या सगळ्याला नीट आकार दिला. अधिकार माणसाला देऊच नका, भूमिकेला द्या, आणि माणसाला भूमिका द्या. १९९६ मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी त्याचे पायरीपायरीने नमुने मांडले आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याचं अधिकृत मानक झालं.

याचा फायदा साध्या हिशेबाने बघू. समजा, २० कर्मचारी, ३० ग्राहक आणि प्रत्येक ग्राहकाच्या प्रणालीत १० प्रकारचे अधिकार. एकेक चौकट भरायची म्हटली तर ६,००० निर्णय. त्याऐवजी चार साचे केले तर ४० निर्णय एकदाच विचारपूर्वक घ्यायचे आणि मग कोणत्या ग्राहकासाठी कोणाला कोणता साचा, हे ६०० वेळा सांगायचं. सहा हजार वेळा डोकं शांत ठेवून निर्णय घेणारा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. पद वेगळं, पदावरचा माणूस वेगळा, हेच आधुनिक नोकरशाहीचं लक्षण म्हणून मॅक्स वेबरने सांगितलं होतं. अधिकारी घरी जाताना खुर्ची बरोबर नेत नाही. संगणकाने तीच गोष्ट कुलपात बसवली.

पण साच्याला एक खोड आहे. काही प्रणालींत टेम्प्लेट म्हणजे रबरी शिक्का. नवीन माणूस आला, शिक्का मारला, झालं. उद्या तुम्ही साचा सुधारलात तरी आधी मारलेले शिक्के तसेच राहतात. खरी भूमिका तशी नसते, ती एके ठिकाणी बदलली की सगळीकडे बदलते. दुसरी खोड अशी की माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर जातो, नवा साचा मिळतो, पण जुना कोणी काढत नाही. दहा वर्षांनी त्याच्याजवळ मालकापेक्षा जास्त किल्ल्या! आणि बाहेरच्यांना दिलेल्या किल्ल्या तर विचारूच नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या पासवर्डने. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीत होतो. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं एका ऑनलाइन खात्यात ठेवलेली आणि पासवर्ड पाच जणांत एकच. एके दिवशी वर्षभराची ध्वनिमुद्रणं गायब. बैठक झाली. तांत्रिक काम पाहणारा एक विद्यार्थी होता, विशीतला. ‘त्याच्याशिवाय कोणाला हे जमतं?’ असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. आम्हीही. तो काही बोलला नाही, यायचा मात्र बंद झाला. चार महिन्यांनी कळलं, की आमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी फोनमध्ये जागा करताना त्या फायली पुसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपल्या फोनमधल्याच पुसतोय.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता. आम्ही त्या मुलाला फोन करून क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, माझं वेगळं लॉगिन असतं तर मला काही सांगावंच लागलं नसतं.”

आपल्याला वाटतं, हे अधिकारांचे साचे अविश्वासातून येतात. आमचं मत उलटं झालं आहे. पाच जणांत एक किल्ली असते तेव्हा संशय सगळ्यांत दुबळ्यावर जातो. प्रत्येकाचं नाव वेगळं, काम वेगळं आणि कामापुरतीच किल्ली असली की निर्दोष माणसाला स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही. म्हणून त्या भगिनींना आमचं उत्तर असं : साचा जरूर लावा, पण तो कोणी आणि का केला ते लिहून ठेवा, लॉगिन मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र ठेवा, काम बदललं की जुना साचा त्याच दिवशी काढा आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या किल्ल्या मोजा.

तो मुलगा आज पुण्यातल्या एका कंपनीत हेच काम करतो. आमच्या संस्थेत मात्र तो परत आला नाही. आता प्रश्न घेऊ.